हॅना मिल्सनंतर

नैराश्यातून नुकत्याच सावरू लागलेल्या माणसाला आम्ही ऑक्युपेशनल थेरपिस्ट जी कामं सांगतो, ती ऐकून नातेवाइकांचा चेहरा उतरतो. अंघोळ, केस विंचरणं, थोडा वेळ गच्चीवर बसणं, कुंडीला पाणी घालणं. "एवढंच? हे तर आम्हीही सांगतो की घरी!" हे वाक्य परळला शिकत असल्यापासून ऐकत आले आहे. या एवढ्याशा कामांना सव्वादोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो एका बाईच्या मरणापासून सुरू होतो.

हॅना मिल्स ही इंग्लंडमधल्या लीड्स भागातली क्वेकर पंथाची विधवा. मार्च १७९० मध्ये तिला विषण्णतेच्या आजारासाठी यॉर्क शहरातल्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं. घरची माणसं लांब राहणारी, म्हणून त्यांनी यॉर्कमधल्या पंथबंधूंना कळवलं, जरा तिला भेटून या. ते गेले. पेशंट भेटण्याच्या स्थितीत नाही, असं सांगून त्यांना दारातूनच परत पाठवलं. एप्रिल संपता संपता हॅना वारली. दीड महिन्यात आत काय झालं, हे बाहेर कुणालाच कळलं नाही. पुढे १८१४ मध्ये त्याच इस्पितळात लपवून ठेवलेल्या घाणेरड्या कोठड्या उघडकीला आल्या, तेव्हा थोडीफार कल्पना आली.

यॉर्कमध्ये विल्यम ट्यूक नावाचा चहा-कॉफीचा व्यापारी होता. वय साठीचं, डॉक्टरकीचं शिक्षण काहीही नाही. हॅनाचं मरण त्याच्या मनाला लागून राहिलं. आपल्या माणसांसाठी आपणच घर काढू, ही कल्पना त्याची मुलगी ॲन हिची. १७९२ मध्ये त्याने ती पंथाच्या सभेत मांडली, तेव्हा बरेच जण विरोधात गेले. पैसा जमवत, लोकांची मनं वळवत १७९६ उजाडलं आणि शहराबाहेर टेकाडावर तीसेक पेशंटांची इमारत उभी राहिली. इस्पितळ किंवा वेड्यांचं घर असं काही म्हणायचं नाही, म्हणून सुनेने नाव सुचवलं, रिट्रीट.

त्या इमारतीचे बारकावे मला फार मोलाचे वाटतात. खिडक्यांच्या चौकटी लोखंडी होत्या, पण दिसायला लाकडी, घरातल्या असतात तशा, गज नाहीत. भोवती बाग आणि शेतजमीन. पेशंटांच्या अंगणांत ससे, कोंबड्या, समुद्रपक्षी सोडलेले. ज्याला माणसाशी बोलवत नाही, तो सशाला पाला घालू शकतो, हे तिथल्या कुणाला तरी तेव्हा सुचलं होतं.

पहिले डॉक्टर टॉमस फाउलर. त्या काळी या आजारावर रक्त काढणं, ओकाऱ्या, जुलाब हेच उपाय. फाउलरनी ते करून पाहिले, उपयोग होत नाही हे पाहिलं आणि बरेचसे सोडून दिले. वर्षानुवर्षं भिनलेली पद्धत सोडायला धैर्य लागतं, आणि माझ्या मते रिट्रीटच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी गोष्ट. विषण्ण पेशंटांच्या बाबतीत एक उपाय मात्र टिकला: कोमट पाण्याची अंघोळ. विल्यमचा नातू सॅम्युएल ट्यूक याने १८१३ मध्ये रिट्रीटवर पुस्तक लिहिलं, त्यात हे स्पष्ट नोंदलं आहे. झोप न येणाऱ्या अस्वस्थ पेशंटला उपाशी ठेवण्याऐवजी पोटभर मांस, पाव, चीज आणि वर बिअर दिली की तो झोपतो, हेही त्यात आहे.

याच पुस्तकातला एक भाग मी माझ्या विद्यार्थिनींना आवर्जून सांगते. विषण्ण माणसाशी त्याच्या दुःखावर वाद घालू नये, असं रिट्रीटचं धोरण होतं. तुला काय कमी आहे, असं पटवत बसण्याने तो आणखी खोल जातो. त्यापेक्षा त्याला चालायला न्यावं, इकडचं तिकडचं बोलावं, वाचायला द्यावं, बागेत किंवा शिवणकामात हात गुंतवावेत. अधीक्षक जॉर्ज जेप्सन आणि बायकांकडचं पाहणारी कॅथरिन ॲलन यांनी हे रोज करून दाखवलं. पुढे त्या दोघांनी लग्न केलं. अधूनमधून पेशंट बायकांना चहाला बोलावणं जाई. त्या ठेवणीतले कपडे घालून, केस नीट करून येत. कित्येक दिवस कपडे न बदललेल्या बाईने कुणाकडे जायचं म्हणून तयार होणं, ही आमच्याही वॉर्डात पहिली खूण असते.

मिशेल फुको या फ्रेंच विचारवंताने १९६१ मध्ये यावर कडक टीका केली. साखळ्या काढल्या, पण माणसाच्या मनातच पहारेकरी बसवला. चहाची मेजवानी ही पाहणीच होती, असा त्याचा रोख. टीका पोकळ नाही. नीट वागलं तर मान, नाहीतर नाही, हा धाक तिथे होता, आणि गरजेला माणसं बांधूनही ठेवली जात. तरीही हॅनाला दार बंद झालं होतं आणि इथे कुणीतरी चहाला बोलावत होतं, हा फरक मला लहान वाटत नाही.

पुढचा प्रवास फिलाडेल्फियाचा. टॉमस स्कॅटरगुड हा तिथला क्वेकर उपदेशक स्वतः विषण्णतेने ग्रासलेला. इंग्लंडच्या दौऱ्यात तो रिट्रीट पाहून आला. त्याच्या धडपडीतून तसंच इस्पितळ १८१७ मध्ये फिलाडेल्फियाजवळ उघडलं, पण ते पाहायला तो उरला नव्हता. शंभर वर्षांनी, १९१७ मध्ये, न्यूयॉर्क राज्यात मोजक्या लोकांनी आमच्या व्यवसायाची संघटना काढली. त्यातल्या एलिनॉर क्लार्क स्लेगल यांनी उठणं, धुणं, जेवणं, काम, विश्रांती असा दिवस पुन्हा बसवून देण्याची पद्धत आखली.

आणि तिथून हा धागा आपल्याकडे आला तो कमला निंबकरांमुळे. जन्मनाव एलिझाबेथ लंडी, न्यू जर्सीच्या क्वेकर घरातल्या. विष्णू निंबकरांशी लग्न करून १९३० मध्ये भारतात आल्या, इथल्याच झाल्या. पुढे अमेरिकेत जाऊन ऑक्युपेशनल थेरपी शिकल्या आणि १९५० मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात त्यांनी देशातली या विषयाची पहिली शाळा सुरू केली. इरावती कर्व्यांची कन्या, लेखिका जाई निंबकर, या त्यांच्या सूनबाई. फलटणला कमलाबाईंच्या नावाची मराठी शाळा आहे; आम्हा थेरपिस्टांनी त्यांची आठवण त्यामानाने कमीच ठेवली.

त्यांच्या शाळेत शिकलेली मी वॉर्डात ससे सोडू शकले नाही. मी मेथीची जुडी आणायचे. वर्तमानपत्र पसरून स्वतः निवडायला बसायचे, शेजारी बाई नुसती बसून असायची. "काही करा" असं म्हणायचं नाही. कधी तरी हात पुढे येई, दोन काड्या निवडल्या जात आणि हात परत मांडीवर. तेवढं त्या दिवसाचं काम. मग पुढे कधी लसूण सोलणं, डोक्याला तेल लावून घेणं, जिन्यापर्यंत जाऊन येणं. गोळ्या चालूच असत. हे त्यांच्याऐवजी नव्हे, त्यांच्या जोडीला.

आजकाल स्वतःची काळजी घ्या, असं सगळे सांगतात आणि मेणबत्त्या, मुखलेप विकत आणायला लावतात. यॉर्कपासून परळपर्यंत ही काळजी एकट्याने घ्यायची गोष्ट कधीच नव्हती. कॅथरिन ॲलन बरोबर बसायची. पेशंटला चालायला कुणी सोबत असायचं. हॅनाला औषध काय मिळालं ते ठाऊक नाही, पण सोबत मिळाली नाही.

म्हणून घरच्यांना माझी विनंती आहे. "जरा बाहेर फिरून ये" म्हणून सांगू नका. आपल्या चपला घाला आणि "चल" म्हणा. नाही म्हणाली तर रागावू नका, उद्या पुन्हा विचारा. आज अंघोळीचं कोमट पाणी तेवढं काढून द्या.