ओझरचे मोजलेले पाणी

उपयोजित संशोधन म्हटले की प्रयोगशाळा डोळ्यांसमोर येते. नाशिकजवळच्या ओझरला ते पाटाच्या चारीवर झाले. दिंडोरी तालुक्यातील वाघाड धरणाच्या कालव्याचे ओझर हे शेवटचे टोक. वरच्यांचे भागल्यावर उरेल तेवढेच पाणी येथवर यायचे. १९९०च्या दशकाच्या आरंभी समाज परिवर्तन केंद्राचे बापूसाहेब उपाध्ये व भरत कावळे यांच्या पुढाकाराने तेथे शेतकऱ्यांच्या तीन पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या.

पूर्वी पाणीपट्टी पीक व क्षेत्र पाहून आकारली जाई. त्यामुळे पाळी आली की रान तुडुंब भरून घेण्यात कोणाचाच तोटा नव्हता. संस्थांनी पाणी घनमापनाने घेतले आणि पीक ठरवण्याचे स्वातंत्र्य शेतकऱ्याला दिले. बाणगंगेवरील जुन्या बंधाऱ्यांत सोडलेले पाणी मुरून विहिरींना लागते, हेही त्यांनी जाणले. मोजणी हे अभियंत्याचे काम, वसुली हिशेबनिसाचे; परंतु खरी अडचण निराळीच होती. खालच्याने वरच्यावर विश्वास ठेवावा तरी कसा? मोजलेल्या आकड्यावर मात्र दोघांनाही विश्वास ठेवता आला. (आमच्या विद्याशाखांच्या भिंती येथे फारशा उपयोगाच्या नव्हत्या.)

पुढे वाघाडच्या साऱ्या लाभक्षेत्रात अशा संस्था झाल्या. २००५च्या राज्याच्या कायद्याने घनमापन व पीकस्वातंत्र्य ही दोन्ही तत्त्वे स्वीकारली.