हडळ कुठून येते?

आमच्या घरात नारायण धारपांना बंदी होती. टीव्हीला नव्हती, क्रिकेटला नव्हती, पण डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत भुताचं पुस्तक आलेलं बाबांना चालायचं नाही. सातवीत असताना मी वाचनालयातून धारपांची एक कादंबरी आणली होती, वर्तमानपत्राचं कव्हर घालून. बाबांनी ती उघडली, दोन पानं वाचली आणि काही न बोलता, चपला घालून, स्वतः वाचनालयात परत देऊन आले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

बंदीचं जे होतं तेच झालं. पुढे मी धारप, मतकरी आणि हाताला लागेल ते चोरून वाचलं. लोकलमध्ये उभ्यानं वाचलं, हॉस्टेलवर पांघरुणात वाचलं. आता सॉफ्टवेअरच्या नोकरीत ऑन-कॉलचा आठवडा आला की रात्री दीड-दोनला सर्व्हरच्या अलर्टची वाट बघत मोबाइलवर वाचतो. भुतावर माझा काडीचा विश्वास नाही. तरी मागच्या खोलीत काही वाजलं की मान वळतेच, आणि ती वळली याची गंमतही वाटते.

ही गंमत नेमकी कसली, या प्रश्नाच्या मागे मी दोनेक वर्षं आहे. कारण बाबांच्या बंदीचं कारण मला कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला कळलं, आणि तेव्हापासून हा प्रश्न नुसता आवडीनिवडीचा राहिला नाही.

१९८६, संगमेश्वर तालुका

बाबांची थोरली बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. वय बावीस. सुईणीनं घरीच बाळंतपण केलं, मुलगा झाला. चौथ्या दिवशी आत्याला ताप भरला, पाचव्या दिवशी ती बरळायला लागली. वाडीतल्या जाणत्यांनी निदान केलं: आलवंतीण धरलीय. भगत आला. तांदूळ, लिंबू, मिरच्यांची धुरी. पाच दिवस हे चाललं. मग बाबांनी आणि शेजारच्या दोघांनी तिला डोलीत घालून रस्त्यापर्यंत आणलं आणि एसटीनं तालुक्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, उशीर केलात.

बाबा तेव्हा वीस वर्षांचे होते. मुलगा वाचला, तो माझा आतेभाऊ. आत्या गेली ती बाळंतज्वरानं. हात स्वच्छ धुतले तर हा ज्वर मोठ्या प्रमाणात टळतो, हे इग्नाझ सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरनं व्हिएन्नात १८४७ मध्ये दाखवलं होतं. संगमेश्वरच्या आमच्या वाडीपर्यंत ते १३९ वर्षांनीही पोचलं नव्हतं.

पण बाबांना जे गिळता आलं नाही ते नंतरचं. वर्षभरातच वाडीत बोललं जाऊ लागलं, की विहिरीपाशी भर दुपारी ती दिसते. केस मोकळे, कडेवर काहीतरी. म्हणजे ज्या भुतानं तिला धरलं म्हणून सांगितलं होतं, तेच भूत गावानं तिला करून टाकलं. आजीनं त्या विहिरीवर जाणं सोडलं. पोरांना दटावायला माझ्या आत्याचं नाव वापरलं जाऊ लागलं.

भुतांची शिरगणती

नाशिकचा कलेक्टर जॅक्सन आपल्याला शाळेच्या पुस्तकातून माहीत असतो. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद थिएटरात ‘शारदा’ नाटकाच्या वेळी अनंत कान्हेऱ्यांनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या. पुस्तकात नसतं ते असं, की ए. एम. टी. जॅक्सन हा संस्कृतचा अभ्यासक होता आणि लोकसमजुती गोळा करायचा त्याला नाद होता. त्यानं प्रश्नांची यादी करून ती गावोगावच्या शाळामास्तरांकडे पाठवली होती. तुमच्याकडे कोणती भुतं असतात, ती कशी होतात, कुठे राहतात, कशाला भितात. मास्तरांनी उत्तरं लिहून पाठवली. जॅक्सनच्या खुनानंतर आर. ई. एन्थोवेन या अधिकाऱ्यानं ती संपादित केली आणि कोकणाचा खंड १९१५ मध्ये छापला.

त्या नोंदी वाचताना मला भीती अजिबात वाटली नाही. वाटलं ते वेगळंच. भुतांची ती यादी खरं तर मरणांची यादी आहे. मुंज झाली पण लग्नाआधी गेला, तो मुंजा, पिंपळावर राहणारा. पाण्यात बुडून मेला, तो गिऱ्हा. बाळंतपणात गेली, ती आलवंतीण. सवाष्ण मेली ती जखीण, विधवा मेली ती अवगत. परधर्मातला मेला तर तो खवीस. नवरा आहे की नाही, मूल झालं की नाही, जात कोणती, धर्म कोणता, हे सगळं मेल्यावरही सुटत नाही.

आणि यात बायकांच्या भुतांना किती नावं आहेत ते बघा. बाळंतपणात बायका मरणं ही जिथे रोजची गोष्ट होती, तिथे त्या मरणाला नाव पडणारच. गावागावात डॉक्टर नव्हता, मृत्यूची नीट नोंद नव्हती, पण हडळ होती. जिच्यासाठी काही करता आलं असतं आणि केलं नाही, तिची भीती वाटणं साहजिक आहे. मला तर वाटतं, त्या भीतीत थोडी शरमही असावी.

सगळी भीती अशीच होती असं नाही. कोकणात आणि गोव्यात वेताळ हा गावाचा राखणदार. तो रात्री शीव फिरतो, फिरून फिरून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून त्याला नव्या वहाणा वाहतात. हा धाक जिव्हाळ्याचा. पण वेताळ देव होता. आत्या माणूस होती.

विहिरीवरून पुस्तकात

मराठीत छापील भीती आली ती अद्भुताच्या वेषात. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ची, नारो सदाशिव रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ची. भुयारं, कैद, वेषांतर, संकटातली नायिका आणि शेवटी सगळं गोड. मग इंग्रजीतून रेनॉल्ड्स आला. जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स हा लंडनच्या स्वस्त साप्ताहिक छपाईचा राजा. त्याच्या देशातल्या मान्यवरांनी त्याला नाकं मुरडली, पण हिंदुस्थानात तो अमाप वाचला गेला. गो. ना. दातारशास्त्र्यांनी त्याच्या कादंबऱ्यांना ‘कालिकामूर्ती’, ‘इंद्रभुवनगुहा’ असा मराठी पेहराव चढवला.

पुढे बाबूराव अर्नाळकर, म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाण. हजाराहून जास्त रहस्यकथा एकट्यानं लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू. दुकानातून भाड्यानं आणायच्या आणि एका बैठकीत संपवायच्या पुस्तिका. समीक्षकांनी त्या मोजल्या नाहीत, पण वाचायची सवय त्यांनीच लावली असं कबूल करणारे कितीतरी जण आपल्या आजोबांच्या पिढीत सापडतात. ‘नवल’ आणि ‘धनंजय’सारख्या दिवाळी अंकांनी फराळाच्या ताटाशेजारी भूत आणून बसवलं.

आणि मग धारप, १९२५ ते २००८. विज्ञानाचे पदवीधर, शंभराहून जास्त पुस्तकं. त्यांचा भर दचकवण्यावर नसतो. साधं घर, साधी नोकरी, साधं कुटुंब, आणि त्यात एक वस्तू किंचित जागा सोडून. आपण लॉग वाचत असतो, हजार ओळी बरोबर असतात आणि एक वेळ चुकीची दिसते, तेव्हा पोटात जे होतं ते धारप पहिल्या दहा पानांत करतात. त्यांनी स्टीफन किंगकडून बरंच घेतलं, ‘लुचाई’ आणि ‘शपथ’ ही त्याचीच रूपं. पण घेतलेलं त्यांनी आपल्या वाड्यांत, आपल्या नात्यांत असं बसवलं की परकं वाटू नये. त्यांची ‘आजी’ ही कथासुद्धा मूळ किंगचीच. ती नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राकडून राही बर्वे यांनी लहानपणी ऐकली आणि तिच्यातून पुढे ‘तुंबाड’ निघाला.

रत्नाकर मतकरी बँकेत नोकरी करता करता गूढकथा लिहीत. त्यांच्याकडे भूत बहुतेकदा माणसाच्या आतच असतं, एकटेपणात, हेव्यात, अपराधी मनात. लहानपणी ज्या ‘अलबत्त्या गलबत्त्या’मधल्या चेटकिणीला बघून आपण किंचाळलो आणि लगेच हसलो, ते नाटकही त्यांचंच.

हरणाची भीती

किंचाळून लगेच हसणं, यावर आपल्याकडे हजार वर्षांपूर्वी विचार झालाय. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात आठ रस सांगितले, त्यात भयानक आहे. त्याचा रंग काळा, देवता काल. पण भीती तर नकोशी असते, मग तिचा रस कसा होतो? इसवी सन १००० च्या सुमारास काश्मीरमधल्या अभिनवगुप्तानं याचं उत्तर देताना उदाहरण घेतलं ते ‘शाकुंतला’तल्या पळणाऱ्या हरणाचं. दुष्यंताचा रथ मागे लागलाय, हरीण मान वळवून बघत धावतंय. आपण ते बघतो तेव्हा ‘मी घाबरलो’ असं नसतं, ‘तो अमुक घाबरला’ असंही नसतं. हरीण कुठलं, कधीचं, आपलं की परकं, हे सगळं गळून पडतं आणि उरते निव्वळ भीती. कुणाच्याही मालकीची नसलेली. म्हणून ती चाखता येते.

हे वाचलं आणि मला बाबांना द्यायचं उत्तर सापडल्यासारखं वाटलं. भगताची भीती आणि पुस्तकाची भीती यांत फरक आहे तो हाच. भगताच्या भीतीवर पत्ता लिहिलेला असतो. ती तुझ्या घरातल्या, तुझ्या बहिणीला धरते, आणि उतारा, पैसे, पुढची अमावास्या असं करत संपतच नाही. पुस्तकाच्या भीतीला शेवटचं पान असतं. घाबरायचं की नाही हे मी ठरवतो, पुस्तक मिटायचं कधी तेही मीच. कोव्हिडच्या पहिल्या लाटेतल्या एका पाहणीत, भयपटांच्या चाहत्यांना त्या काळात मानसिक त्रास तुलनेनं कमी झाल्याचं दिसलं. एका पाहणीवर इमारत बांधू नये, पण सरावाचा काही उपयोग होत असेल, हे मला पटतं.

तरीही उत्तर पुरं पडत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात झाला. त्यानंतर त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. त्याच्या अनुसूचीत भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण आहे, मिरचीची धुरी आहे, भुताची भीती घालून औषधोपचारापासून रोखणं आहे. आत्याचे पाच दिवस कलमाकलमानं तिथे लिहिलेत. आणि माझ्या आवडत्या कथांत काय असतं? कितीदा तरी डॉक्टर मूर्ख ठरतो आणि मांत्रिक बरोबर. कितीदा तरी विहिरीपाशी मोकळ्या केसांची बाई असते आणि ती कोण होती, कशानं मेली, हे लेखक विचारत नाही. मीही वाचताना विचारलं नव्हतं. अभिनवगुप्ताचं हरीण कुणाचंच नसतं. पण विहिरीवरची बाई कुणाची तरी असते.

म्हणून मी वाचणं सोडलं नाही, पण आता भूत आलं की आधी त्याचं मरण शोधतो. ज्या कथेत ते सापडतं ती मला जास्त घाबरवते आणि जास्त दिवस पुरते. ज्या कथेत नुसते केस आणि पांढरं पातळ असतं, ती वाचून झाल्यावर माझ्याजवळ काही उरत नाही.

‘तुंबाड’ परत लागला तेव्हा

सप्टेंबर २०२४ मध्ये ‘तुंबाड’ पुन्हा थिएटरात आला. मी बाबांना विचारलं, येता का? मला वाटलं होतं नाही म्हणतील. आले. सिनेमाभर हात मांडीवर ठेवून ताठ बसले होते. मध्ये एकदा मी दचकलो तर त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि चक्क हसले.

परत येताना रिक्षात मी धीर करून अभिनवगुप्त, हरीण, जॅक्सनचे मास्तर, सगळं सांगून टाकलं. बाबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “वाच रे. लहान नाहीस आता.” थोड्या वेळानं, बाहेर बघत म्हणाले, “ती अंधाराला घाबरायची, ठाऊक आहे? रात्री परसात जायचं तर मला उठवायची, दिवा घेऊन चल म्हणायची. ती कुणाला काय भिववणार?”

घरी आल्यावर त्यांनी विचारलं, त्या धारपांचं आहे का काही तुझ्याकडे? मी मोबाइल पुढे केला. नको म्हणाले, पुस्तक असेल तर दे.