शब्दासाठी आणि स्वरासाठी : निर्वात नलिकेच्या ध्वनिवर्धकाचा इतिहास

परतवाडा ही अचलपूरलगतची जुनी लष्करी छावणी. मेळघाटच्या सागवानाची बाजारपेठ म्हणून ती प्रसिद्ध आहे. अशा बाजारगावांतील मैदानी सभा, कीर्तने व भजने यांना विसाव्या शतकात ध्वनिवर्धकाची जोड मिळाली. त्या यंत्राचा प्राण असलेली निर्वात नलिका सभांतून केव्हाच हद्दपार झाली. विद्युत् गिटारच्या ध्वनिवर्धकात मात्र ती आजही टिकून आहे. असे का व्हावे, याचा विचार येथे कर्तव्य आहे.

ली द फॉरेस्ट याने १९०६ मध्ये नलिकेत जाळी बसविली. तापलेल्या ऋणाग्राकडून धनाग्राकडे जाणारा विद्युत्कणांचा प्रवाह जाळीवरील अल्प दाबाने नियंत्रित होतो, आणि क्षीण संकेत मोठा होऊन बाहेर पडतो. परंतु झेपेल त्याहून मोठा संकेत दिल्यास स्वरलहरीचे शेंडे चेपतात व मूळ स्वराच्या पटीतील नवे स्वर उमटतात.

सभेच्या दृष्टीने हा दोषच होय. १९३५ मध्ये मोझरीस गुरुकुंज आश्रम स्थापणाऱ्या तुकडोजी महाराजांची खंजिरीभजने हजारो लोक ऐकत. अशा भजनात आवाज व खंजिरी एकाच ध्वनिग्राहकात शिरली आणि नलिकेवर अतिभार पडला, म्हणजे दोहोंची सरमिसळ होऊन शब्द गढूळ होतो. आणि उपदेशपर भजनातून शब्दच हरवला, तर उरले काय? म्हणून अशा यंत्रांत, हॅरल्ड ब्लॅक याने १९२७ मध्ये शोधलेली ऋण पुनर्भरणाची युक्ती मोलाची ठरली. तीत निर्गत संकेताचा अंश उलटा करून आरंभीच्या संकेतात मिसळतात. त्यामुळे विकृति घटते.

गिटारवादकांनी नेमकी ही विकृतीच जवळ केली. १९६२ मध्ये लंडनला जिम मार्शल यांच्या दुकानात, फेंडर कंपनीच्या ‘बासमन’ या अमेरिकी यंत्राच्या धर्तीवर नवा ध्वनिवर्धक तयार झाला. पुढे मार्शलच्या यंत्रांत ईएल ३४ ही नलिका आली. हीच नलिका बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनविली, व आपल्याकडील सभांच्या ध्वनिवर्धकांतही ती वापरात होती. एकीकडे तिला मर्यादेत राखणे हे कौशल्य, दुसरीकडे तिला मर्यादेबाहेर लोटणे ही कला!

हलका, थंड व काटकसरी ट्रान्झिस्टर आला, तेव्हा शब्दाचे काम त्याने सहज उचलले. गिटारवादकाला हवा असलेला चेपलेला स्वर मात्र त्याला तसाच देता येईना. तेव्हा नलिका मागे पडली ती ज्या कामात ती निर्दोष असावी लागे त्यात, आणि टिकली ती तिच्या दोषाला मान मिळाला तेथे. वऱ्हाडातील एखाद्या अडगळीत जुना संच आढळल्यास तो मोडीत काढण्यापूर्वी त्याची रचना टिपून ठेवावी. शब्द शुद्ध पोहोचावा यासाठी केलेल्या खटपटीचा तो पुरावा आहे.