मोल आणि मोलकरीण

मोलाने काम करणारी ती मोलकरीण. मोल हे तिच्या नावातच आहे. परंतु ते ठरवावयाचे कोणी, या प्रश्नाचे उत्तर आमच्या समाजाने फार काळ एकाच बाजूने दिले. घरधनिणीने ठरवावे आणि मोलकरणीने मुकाट्याने घ्यावे, अशी ती रीत होती. दुसऱ्या बाजूने तोंड उघडले, तेव्हापासूनचा इतिहास आज थोडक्यात पाहावयाचा आहे. हा इतिहास परक्यांचा नव्हे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरची भांडी आज सकाळी दुसऱ्या कोणीतरी घासली आहेत, हे ध्यानात ठेवूनच आम्ही बोलणार आहो.

गिरणीकामगार भोंग्याबरोबर एका दारातून आत जात. हजारो माणसे एकमेकांना ओळखत, आणि म्हणूनच त्यांचे संघ झाले. मोलकरणीचे तसे नाही. तिला चार घरे म्हणजे चार मालक, आणि प्रत्येक घरात ती एकटी. पुन्हा तिला कोणी मालकीण म्हणू देत नाही. ती 'बाई', 'वहिनी', 'आजी' असेच म्हणते. नाते गोड असले की पगाराची गोष्ट काढणे अवघड जाते. "तुला आम्ही घरचीच समजतो" असे म्हणणाऱ्या घरातही तिचा कप वेगळा ठेवलेला असे, हे आम्ही आमच्या वाड्यांतून डोळ्यांनी पाहिले आहे.

कायद्यानेही तिला उंबऱ्याबाहेरच ठेवले. 1947 चा औद्योगिक विवाद कायदा उद्योगांसाठी होता, आणि घर म्हणजे उद्योग नव्हे असे मानले गेले. 1948 चा किमान वेतन कायदा अनुसूचीतील धंद्यांनाच लागू असे. मूळ अनुसूचीत घरकाम नव्हते. 1959 साली राज्यसभेत पां. ना. राजभोज यांनी घरकामगारांच्या सेवाशर्तींचे विधेयक मांडले. किमान वेतन, कामाच्या तासांची मर्यादा, आठवड्याची सुटी आणि वर्षाकाठी पंधरा दिवसांची रजा अशा त्यातील मागण्या होत्या. आजही कोणाला त्या अवाजवी वाटू नयेत. परंतु त्या विधेयकाचा कायदा झाला नाही.

जे दिल्लीत साधले नाही, त्याला वाचा पुण्यात फुटली. 1972 च्या दुष्काळाने खेडी ओस पडू लागली, तेव्हा पुष्कळ कुटुंबे शहराच्या आश्रयाला आली आणि त्यांतील बायकांनी धुणीभांडी धरली. 1980 साली याच बायकांनी संप केला. तो कोणा पुढाऱ्याच्या आदेशाने झाला नाही. महागाई वाढली, पगार मात्र होता तेथेच राहिला. आजारपणात खाडा झाला की पैसे कापले जात, प्रसंगी कामही जाई. एका भागातील बायका थांबल्या, ती वार्ता दुसऱ्या भागात गेली, आणि पाहता पाहता मोर्चे निघाले. लाल निशाण पक्षाचे कार्यकर्ते नंतर मदतीस आले. लीला भोसले यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या परिश्रमाने पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली.

या संघटनेचे विशेष काम कोणते? आमच्या मते, तिने दयेचा हिशेब मोडून कामाचा हिशेब मांडला. घरात माणसे किती, भांडी, धुणे, केरफरशी यांपैकी कामे कोणती, यांवर दर ठरावा. महिन्यातून हक्काच्या सुट्या असाव्यात. दिवाळीला एक पगार बोनस मिळावा. जुने लुगडे आणि उरलेली भाजी ही पगाराची जागा घेऊ शकत नाहीत, हे तिने स्पष्ट सांगितले. एका बाईने दर मागितला तर तिच्या जागी दुसरी आणता येते; साऱ्या वस्तीने एकच दर सांगितला तर घरधनिणीला विचार करावा लागतो. संघटनेचे सारे बळ एवढ्या साध्या गोष्टीत आहे.

पुढे 2008 साली महाराष्ट्राने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. 16 जून 2011 रोजी जिनिव्हा येथे आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने 189 क्रमांकाचा करार संमत करून, घरकाम हेही इतर कामांसारखेच काम आहे, असे जगापुढे मांडले. भारताने त्या वेळी अनुकूल मत दिले, परंतु नंतर बरीच वर्षे लोटली तरी अनुसमर्थन दिले नाही. 2013 च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात घर हेही कामाचे ठिकाण मानले गेले, ही मोठीच गोष्ट झाली. तथापि कल्याण मंडळ मदत देते, पगार ठरवीत नाही. 2020 च्या टाळेबंदीत दारे बंद झाली, तेव्हा पगार चालू ठेवावा की नाही हे पुन्हा ज्याच्या त्याच्या मर्जीवर राहिले. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी स्वतंत्र कायद्याचा विचार करण्यासाठी समिती नेमण्यास केंद्राला सांगितले. 1959 चा प्रश्न छासष्ट वर्षांनी पुन्हा त्याच दारात आला.

नामदेवांच्या घरची दासी जनाबाई हिला आम्ही संत म्हणतो आणि तिच्या दळणकांडणाला विठ्ठल हात लावतो या कथेने सद्गदित होतो. तिच्याच कामाचा वारसा चालविणारी बाई उद्या सकाळी आमच्या दाराची कडी वाजवील. विठ्ठलाची वाट न पाहता तिच्या सुटीचा, आजारपणाचा आणि बोनसचा हिशेब आम्ही आपणहून केला, तर कायदा येईतो निदान आमच्या उंबऱ्याआत तरी न्याय पोहोचला असे होईल.