माद्रिदमध्ये सापडलेला चेहरा

मूकपटातल्या नटीचे बोलणे दोन दृश्यांच्या मध्ये पडद्यावर येणाऱ्या पाट्यांवर लिहिलेले असते. परंतु एव्हलिन प्रीअर या अमेरिकेतील कृष्णवर्णीय अभिनेत्रीच्या बाबतीत त्यांतल्या बहुतेक पाट्याही आज मूळच्या राहिलेल्या नाहीत. १९२० साली शिकागोत प्रदर्शित झालेल्या ‘विदिन अवर गेट्स’ या तिच्या चित्रपटाच्या प्रती खुद्द अमेरिकेत पार नाहीशा झाल्या. जी एक उरली ती माद्रिदच्या चित्रपट-संग्रहालयात ‘ला नेग्रा’ या स्पॅनिश नावाखाली पडून होती. ती मायदेशी परतल्यावर लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९९३ साली तिचा जीर्णोद्धार केला, तेव्हा बहुतेक पाट्यांचा मजकूर स्पॅनिशमधून पुन्हा इंग्रजीत उतरवावा लागला आणि मधला एक गहाळ भाग निवेदनाने सांधावा लागला. शब्द असे दोन भाषांचे उंबरठे ओलांडून परत आले. चेहरा तेवढा जसाच्या तसा आला.

एव्हलिन जार्व्हिस हे तिचे जन्माचे नाव. मिसिसिपी संस्थानातील व्हिक्सबर्ग येथे २६ जुलै १८९६ रोजी तिचा जन्म झाला. दक्षिणेतली शेती, कर्जे आणि दहशत मागे टाकून असंख्य कृष्णवर्णीय कुटुंबे उत्तरेकडील शहरांची वाट धरीत होती. त्याच ओघात तिची आई तिला घेऊन शिकागोस आली. आई पेंटेकोस्टल या ख्रिस्ती पंथाची निष्ठावंत अनुयायी होती, आणि त्या पंथाच्या कार्यासाठी रस्त्याच्या कोपऱ्यावर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर बोलण्याची सवय मुलीला लहानपणीच लागली. अभिनयाची पहिली शाळा म्हणून त्या कोपऱ्याकडे पाहावे असे मला वाटते, कारण तिथला श्रोता तिकीट काढून बसलेला नसतो, त्याला थांबवून धरावे लागते.

‘विदिन अवर गेट्स’चा कृष्णवर्णीय दिग्दर्शक ऑस्कर मिशो हा दक्षिण डाकोटातील शेतकरी; आपल्या कादंबऱ्या तो दारोदार जाऊन विकत असे. त्यातल्या एकीवर चित्रपट काढण्याची तजवीज दुसऱ्या एका कंपनीने मांडली, तेव्हा दिग्दर्शन आपण स्वतः करू ही त्याची अट त्या कंपनीने मानली नाही. म्हणून त्याने स्वतःची कंपनी काढून शेतकऱ्यांना समभाग विकले, भांडवल उभे केले आणि १९१९ साली ‘द होमस्टेडर’ प्रदर्शित केला. कृष्णवर्णीय दिग्दर्शकाचा हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट होता आणि त्यात प्रीअर होती. पुढे मिशोच्या अनेक चित्रपटांत तिने काम केले. परंतु ‘द होमस्टेडर’सुद्धा आज उपलब्ध नाही, आणि या दोघांच्या सहकार्यातून ‘विदिन अवर गेट्स’ एवढा एकच चित्रपट हाती लागतो.

त्या चित्रपटाची पार्श्वभूमी ध्यानात घेतल्यावाचून त्याचे धाडस कळत नाही. १९१५ साली दिग्दर्शक ग्रिफिथच्या ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ या चित्रपटात गोऱ्या नटांनी तोंडाला काळे फासून कृष्णवर्णीयांना पशुवत् रंगवले होते. १९१९ च्या जुलैत शिकागोच्या सरोवरकाठी एका कृष्णवर्णीय मुलावर दगड फेकले गेले, तो बुडाला, आणि त्यातून पेटलेल्या दंगलीत ३८ माणसे मेली. काही महिन्यांनी त्याच शहरात जमावाने माणसे फासावर लटकवल्याचे दृश्य असलेला चित्रपट मिशोने परिनिरीक्षण मंडळासमोर ठेवला; मंडळाने दंगलीच्या धास्तीने आधी हरकत घेतली आणि मग परवानगी दिली.

कथेची नायिका सिल्व्हिया ही दक्षिणेतील गरीब शाळेसाठी निधी गोळा करायला बोस्टनला गेलेली शिक्षिका आहे. तिचा पूर्वेतिहास उत्तरार्धात उलगडतो. तिने शिक्षण घेतल्यामुळे तिला सांभाळणाऱ्या कुळाचा जमीनदाराशी असलेला हिशेब ती वहीवर मांडते. म्हणजे अनर्थाची पहिली ठिणगी पडते ती कुळाच्या घरात आलेल्या साक्षरतेमुळे. त्या हिशेबावरून वाद होतो, जमीनदार भलत्याच कोणाच्या गोळीने मरतो आणि आळ कुळावर येतो. जमाव कूळ आणि त्याच्या बायकोला फासावर चढवतो आणि शव जाळण्यासाठी होळी पेटवतो. नेमक्या त्याच वेळी बंद घरात जमीनदाराचा भाऊ सिल्व्हियावर झडप घालतो. कॅमेरा होळीकडून घराकडे आणि घराकडून होळीकडे जात राहतो, आणि प्रीअर टेबलाच्या आडून, हाताला येईल ते पुढे करून झुंजत राहते. मिशोचे तंत्र पुष्कळदा कच्चे असते. पण या प्रसंगी प्रेक्षकाला नजर हलवता येत नाही, आणि ते श्रेय मी तिच्याच पदरात घालतो. अखेरीस सिल्व्हियाच्या छातीवरचा व्रण पाहून जमीनदाराच्या भावास उमगते की ही आपलीच मुलगी आहे.

चित्रपट हा तिच्या कारकीर्दीचा एक भाग होता. हार्लेममधील लाफायेट प्लेअर्स या नाटक मंडळीत ती नावारूपास आली, आणि १९२३ साली ब्रॉडवेवर ऑस्कर वाइल्डच्या ‘सलोमे’त तिने शीर्षक-भूमिका केली. उलट १९२६ च्या ‘लुलू बेल’ या नाटकात मुख्य भूमिका गोऱ्या लेनोर उलरिकने रंग फासून केली, आणि प्रीअरकडे त्याच भूमिकेची बदली नटी म्हणून वाट पाहत राहण्याचे काम आले. बोलपट आले तेव्हा तिने काही लघुपटांतून आपला आवाज ऐकवला. परंतु ‘ब्लाँड व्हीनस’सारख्या हॉलिवूडच्या मोठ्या चित्रपटांनी तिला लहानसहान भूमिकांपलीकडे काही दिले नाही. अभिनयात कोठे उणीव होती म्हणून हे झाले नाही.

१९३२ च्या एप्रिलमध्ये, नट एडवर्ड थॉम्पसन या पतीपासून तिला मुलगी झाली. नोव्हेंबरमध्ये न्यूमोनियाने लॉस एंजेलिसला तिचा अंत झाला, तेव्हा ती छत्तीस वर्षांची होती. लाफायेट प्लेअर्सही त्याच वर्षी मोडली. मुलगी पुढे संन्यस्त भगिनी झाली, सिस्टर फ्रान्सेस्का थॉम्पसन. आणि मिशिगन विद्यापीठात तिने प्रबंध लिहिला, तो आईबापांच्या त्या नाटक मंडळीवरच.