कार्ल बोनहोफर : हिटलरविरोधी घराण्यातील मेंदूविकारतज्ज्ञ

जर्मन मेंदूविकारतज्ज्ञ व मनोविकारतज्ज्ञ कार्ल बोनहोफर (३१ मार्च १८६८ – ४ डिसेंबर १९४८) हे १९१२ ते १९३८ या काळात बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातील मनोविकार व मज्जाविकार विभागाचे प्रमुख होते. ॲडॉल्फ हिटलरविरुद्धच्या कटात सामील असल्याबद्दल एप्रिल १९४५ मध्ये त्यांचे दोन पुत्र व दोन जावई यांना ठार मारण्यात आले. त्याच राजवटीच्या सक्तीच्या निर्बीजीकरणाच्या कायद्याच्या अंमलबजावणीत बोनहोफर यांचा स्वतःचा सहभाग होता. या विसंगतीमुळे त्यांच्या कार्याचे मूल्यमापन आजही वादाचा विषय ठरते.

वुर्टेम्बर्गमधील नेरेसहाइम येथे जन्मलेल्या बोनहोफर यांचे वडील न्यायाधीश होते. पत्नी पाउला यांचे आजोबा, धर्मशास्त्रज्ञ कार्ल फोन हाझे यांनी तरुणपणी उदारमतवादी विद्यार्थी चळवळीतील सहभागामुळे तुरुंगवास भोगला होता. कार्ल व पाउला यांना आठ अपत्ये झाली. त्यांपैकी वॉल्टर पहिल्या महायुद्धात १९१८ मध्ये मृत्युमुखी पडला.

ब्रेस्लाऊ येथे कार्ल वेर्निके यांच्या हाताखाली बोनहोफर यांनी मद्यपींच्या मानसिक विकारांचा अभ्यास केला. जंतुसंसर्ग, विषबाधा किंवा मद्य यांपैकी बाह्य कारण कोणतेही असले, तरी मेंदूची तीव्र प्रतिक्रिया भ्रम, भास, गुंगी अशा मोजक्याच प्रकारांनी व्यक्त होते, असा सिद्धान्त त्यांनी मांडला. शारीरिक आजारांतून उद्भवणाऱ्या मनोविकारांच्या आकलनात या सिद्धान्ताला पायाभूत स्थान आहे.

१९३३ मध्ये जर्मन संसदभवनाला लागलेल्या आगीच्या खटल्यातील आरोपी मारिनुस फान डेर लुब्बे याची तपासणी त्यांनी केली व तो मनोरुग्ण नसल्याचा अभिप्राय दिला. बोनहोफर नाझी पक्षाचे सदस्य नव्हते. परंतु १ जानेवारी १९३४ रोजी निर्बीजीकरणाचा कायदा लागू झाल्यावर त्यांनी डॉक्टरांसाठी प्रशिक्षणवर्ग घेतले आणि आनुवंशिक आरोग्य न्यायालयांसाठी तज्ज्ञ म्हणून काम केले. काही प्रकरणांत त्यांनी निर्बीजीकरणास विरोध केला, तर काहींत अनुकूल अभिप्राय दिला. या कायद्यान्वये जर्मनीत सुमारे ४ लाख व्यक्तींचे निर्बीजीकरण झाल्याचा अंदाज आहे.

दुसरीकडे, १९३८ मधील उठावाच्या योजनेत हिटलरला मनोरुग्ण ठरवण्याच्या पर्यायाचा विचार झाला होता आणि त्यासाठी जावई हान्स फोन डोनानी यांनी बोनहोफर यांच्याशी विचारविनिमय केला होता. ती योजना प्रत्यक्षात आली नाही. ३१ मार्च १९४३ रोजी, पंचाहत्तराव्या वाढदिवशी, बोनहोफर यांना हिटलरच्या नावे गोएटे पदक प्रदान करण्यात आले. त्यानंतर पाचच दिवसांनी डोनानी व पुत्र डीट्रिश यांना अटक झाली.

महात्मा गांधींनी १९३४ मध्ये आश्रमात येण्याचे निमंत्रण दिलेले धर्मशास्त्रज्ञ डीट्रिश यांना ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनबुर्ग छळछावणीत फाशी देण्यात आली. त्याच सुमारास साक्सेनहाउसेन येथे डोनानी यांना ठार मारण्यात आले. दुसरे पुत्र, वकील क्लाउस आणि जावई रुडिगर श्लाइशर यांना २२ एप्रिलच्या रात्री बर्लिनमध्ये गोळ्या घालण्यात आल्या. पाउला यांचे चुलतबंधू जनरल पाउल फोन हाझे यांना ऑगस्ट १९४४ मध्येच फाशी झाली होती. २७ जुलै १९४५ रोजी लंडनहून प्रसारित झालेली डीट्रिश यांची स्मरण-प्रार्थनासभा वृद्ध मातापित्यांनी रेडिओवर ऐकली.

युद्धोत्तर काळात बोनहोफर यांनी बर्लिनमध्ये पुन्हा वैद्यकीय काम सुरू केले. तेथेच वयाच्या ८० व्या वर्षी त्यांचे निधन झाले. शहरातील विटेनाऊ येथील मनोरुग्णालयाला १९५७ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. पुढे निर्बीजीकरणातील त्यांच्या भूमिकेवर संशोधन झाल्यावर या सन्मानाच्या औचित्याविषयीही प्रश्न उपस्थित झाले. मुलांचे बलिदान आणि पित्याचे अभिप्राय यांची नोंद इतिहासात स्वतंत्रपणे घेतली जाते.