बुरशीचं काम साखरेवर

मे 1899. पॅरिसजवळच्या फाँतेनब्लोच्या जंगलात तुम्ही एका तरुणामागून चालताय. नोएल बर्नार सध्या लष्करात आहे, पण नजर वनस्पतिशास्त्रज्ञाची. पालापाचोळ्याखाली गाडला गेलेला आमरीचा, म्हणजे ऑर्किडचा, एक जुना दांडा तो उकरून काढतो. बोंडांतलं बी आतल्या आत रुजलेलं, आणि प्रत्येक अंकुरात बुरशीचे धागे. या बियांना जन्मजात शिदोरीच नसते. बुरशी भरवेल तेव्हा गर्भ वाढायचा. कुंडीत पेरलेलं बहुतेक बी का वाया जातं, याचं उत्तर तुमच्यासमोर उघडं पडलंय. इथं रेंगाळू नका, मुक्काम पुढे आहे.

अमेरिकेतलं इथाका गाव, 1920च्या आसपास. कॉर्नेल विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत लुईस नडसन यांच्या डोक्यात एक शंका घोळतेय. बुरशी देते ती फक्त साखरच असेल, तर आपण ती थेट का देऊ नये?

बाह्या वर करा. कॅल्शियम नायट्रेट, पोटॅशियम फॉस्फेट, मॅग्नेशियम सल्फेट, अमोनियम सल्फेट, किंचित लोह. लिटरला 20 ग्रॅम साखर, म्हणजे टपरीवरच्या चहापेक्षा बरीच कमी गोडी. अगर घालून उकळा, नळ्यांत ओता, कापसाचे बोळे लावा आणि दाबाच्या वाफेत निर्जंतुक करा. मग नळ्या तिरप्या ठेवून थिजू द्या.

आता कॅटलिया या आमरीचं बी. कागदावर पिवळट धूळ दिसते. शिंक आली तर तोंड फिरवा! ही धूळ ब्लीचिंग पावडरच्या निवळीत टाका. आपल्याकडे ग्रामपंचायत विहिरीत टाकते, तीच टीसीएल. कवचातल्या हवेमुळे बी तरंगत राहतं, म्हणून नळी हलवत राहायची. इथं घाई केलीत की संपलं. साखरेवर हवेतली कोणतीही बुरशी तुटून पडते, आणि आठवडाभरात नळीत कापूस पिंजल्यासारखं पांढरं रान माजतं. जंगलात दाई असलेली जमात इथं दरोडेखोर ठरते.

जाळावर तापवून निववलेल्या तारेनं बी अगरवर पसरा. मग वाट पाहा, आठवडे, महिने. तुलनेसाठी ठेवलेल्या बिनसाखरेच्या नळीत गर्भ जरासा फुगतो, हिरवा होतो आणि तिथंच अडतो. साखरेच्या नळीत त्याचा टपोरा हिरवा गोळा होतो, खालून केसांसारखे तंतू फुटतात, डोक्यावर पहिलं पान टोक काढतं. जळगावच्या टिश्यू कल्चर केळीची सवय असेल, तर एक लक्षात ठेवा: ही एका झाडाची नक्कल नाही. हे बी आहे. शेजारशेजारच्या दोन रोपांची फुलं निराळी निघू शकतात. संकर करणाऱ्यांना हवं होतं ते नेमकं हेच.

1922 साली नडसन यांचा इंग्रजी शोधनिबंध छापून येतो, तरी बुरशीचे कैवारी हटत नाहीत. बुरशीवाचून रोप वाढेल, पण फुलेल का? उत्तरासाठी 1930 गाठा. निर्जंतुक फ्लास्कमध्येच वाढवलेल्या संकरित रोपाला फूल आल्याचं नडसन तेव्हा जाहीर करतात.

माझ्या मते यात बर्नारची हार नाही. रानात साखर कोण पेरणार? आपल्या सह्याद्रीत झाडाच्या सालीवर सीतेची वेणी ही आमरी रुजते, ती अजूनही बुरशीच्याच जिवावर.